क्रेडिट मिळालं, मग मार्कशीटवर का नाही आलं?

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेल जवळपास सगळी क्रेडिटबद्दलच आहेत (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरलेलं विषयाचं वजन), आणि त्यात नवल काही नाही. मुंबईतल्या ऑटोनॉमस कॉलेजांमध्ये 2023-24 पासून आणि विद्यापीठाच्या बाकी संलग्न कॉलेजांमध्ये 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न सुरू झाला. मुलं एकेक वर्ष पुढे सरकतायत तशी मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला निवडीचा विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे कोर्स), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) या सगळ्याचा हिशोब कुठेतरी अडकायला लागलाय. पत्रं वाचताना मला सगळ्यात जास्त हे खुपलं की मुलं मेहनत करतात, कोर्स पूर्ण करतात, परीक्षा पास होतात आणि मग कळतं की हे धरलंच जाणार नाही, कारण काय तर आधी कोणाला विचारलं नव्हतं. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न: मॅडम, मी डोंबिवलीला राहते, दादरजवळच्या एका कॉलेजात एसवायबीए करते, मेजर इकॉनॉमिक्स आहे आणि मायनर पॉलिटिकल सायन्स. मागच्या सेमिस्टरला मी स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटीवाले चालवतात तो) बारा आठवड्यांचा सायकॉलॉजीचा कोर्स केला, सेंटरवर जाऊन परीक्षा दिली, 68 टक्के मिळाले, सर्टिफिकेटपण आलं. मला वाटलं आता ओपन इलेक्टिव्ह करावं लागणार नाही. पण कॉलेजच्या ऑफिसमध्ये म्हणतात की हे चालणार नाही. माझ्या एबीसी (क्रेडिट जमा होतात ती ऑनलाइन बँक) अकाउंटला तर क्रेडिट येणार ना, मग कॉलेज नाही कसं म्हणू शकतं?

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन. डोंबिवलीहून रोजचा प्रवास करून बारा आठवडे असाइनमेंट वेळेवर टाकणं सोपं नाही. एनपीटीईएलला नुसती परीक्षा चांगली देऊन भागत नाही, असाइनमेंटचे 25 पैकी निदान 10 आणि परीक्षेचे 75 पैकी निदान 30 असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात तेव्हाच सर्टिफिकेट येतं, हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. म्हणजे तू केलंस ते खरंच केलंयस.

आता अडलं कुठे ते बघ. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2021 चा नियम सांगतो की एका सेमिस्टरमधल्या एकूण कोर्सेसपैकी 40 टक्क्यांपर्यंत कोर्स विद्यार्थी स्वयमवरून करू शकतो. हे वाचून मुलांना वाटतं की कुठलाही कोर्स घ्यावा आणि तो बसवावा, पण तसं नाही. कुठला कोर्स तुझ्या अभ्यासक्रमातल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा हे तुझं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं, आणि ते सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ठरायला लागतं. तुझ्या बाबतीत ते आधी ठरलेलं नव्हतं ही पहिली अडचण.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती ऑफिसने तुला बहुतेक सांगितली नसेल. आपल्या महाराष्ट्राच्या चौकटीत ओपन इलेक्टिव्ह हे मेजरच्या फॅकल्टीबाहेरचंच (विद्याशाखेबाहेरचंच) घ्यावं लागतं, तिथे सूट नाही. इकॉनॉमिक्स बीएला आहे म्हणजे तुझी फॅकल्टी झाली ह्युमॅनिटीज, मानव्यविद्या, आणि सायकॉलॉजीपण त्याच फॅकल्टीत येतं. म्हणजे अगदी आधी परवानगी मागितली असतीस तरी ओपन इलेक्टिव्हच्या जागी सायकॉलॉजी बसलं नसतं, तिथे कॉमर्स अँड मॅनेजमेंट नाहीतर सायन्स अँड टेक्नॉलॉजीकडचं काहीतरी लागलं असतं. मायनर सायकॉलॉजी असतं तर गोष्ट वेगळी होती, मायनर त्याच फॅकल्टीतलं चालतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स साधारण 3 क्रेडिटचा असतो, आठ आठवड्यांचा 2 चा, चार आठवड्यांचा 1 चा. आणि आपल्याकडे विषय असतात बहुतेक 2 नाहीतर 4 क्रेडिटचे. आता 2 च्या जागी 3 आले तर वरच्या एकाचं काय करायचं आणि 4 च्या जागी 3 आले तर खालचा एक कुठून आणायचा, हा प्रश्न तुझ्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला पडतोच, आणि मग ते सरळ नाही म्हणून मोकळे होतात. म्हणून कोर्स निवडताना स्वयमवर कोर्सच्या पानावर कालावधी, लेव्हल, क्रेडिट पॉइंट आणि परीक्षेची तारीख असं सगळं दिलेलं असतं ते नीट बघायचं, लेव्हल अंडरग्रॅज्युएट आहे का पोस्टग्रॅज्युएट तेपण बघायचं.

एबीसीचं म्हणशील तर तिथे क्रेडिट दिसले म्हणजे ते डिग्रीत मोजले गेले असा अर्थ होत नाही. बँकेत पैसे पडून आहेत म्हणून लाइट बिल आपोआप भरलं जात नाही, तसंच हे. ते क्रेडिट तुझ्या डिग्रीत वळते करून घ्यायचं काम कॉलेजचं आणि विद्यापीठाचं.

आता काय करता येईल ते सांगते. एक साधा अर्ज लिही, प्राचार्यांच्या नावाने, तुझ्या विभागप्रमुखांची शिफारस घेऊन, सोबत सर्टिफिकेट आणि कोर्सच्या पानाची प्रिंट जोड आणि विचार की पुढच्या कुठल्या सेमिस्टरला कुठल्याही घटकात हे धरता येईल का. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. उत्तर नाही आलं तरी सर्टिफिकेट तुझंच आहे, नोकरीच्या वेळी, पुढे एमएला अर्ज करताना ते दाखवता येतं. आणि जुलैच्या किंवा जानेवारीच्या पुढच्या फेरीत कोर्स करणार असशील तर आधी हाच अर्ज, मग एनरोलमेंट. एनरोलमेंट फुकट असतं त्यामुळे मुलं पटकन करून टाकतात, परीक्षेची नोंदणी आणि फी मात्र वेगळी असते आणि तिची तारीख चुकली तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, तीपण आत्ताच डायरीत लिहून ठेव.

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी एफवायबीकॉमला आहे, आम्ही विक्रोळीला राहतो. कॉलेजने एबीसी आयडी भरायला सांगितला. डिजिलॉकरवरून आयडी निघाला पण कॉलेजच्या पोर्टलवर नाव जुळत नाही असं येतंय. तीन वेळा भरून झालं. फॉर्म रिजेक्ट झाला तर परीक्षेला बसता येणार नाही अशी भीती वाटते. एक पालक.

उत्तर: दादा, घाबरू नका, हे प्रकरण घरोघरी चाललंय आणि बहुतेक वेळा निस्तरतं. फक्त परत परत तोच फॉर्म भरत बसू नका, त्याने काही होत नाही.

दोन कागद शेजारी शेजारी ठेवा, मुलीची दहावीची मार्कशीट आणि तिचं आधार कार्ड. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी, आणि मधे वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. आता इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. कुठे तरी एक ए जास्त निघेल, किंवा व्ही च्या जागी डब्ल्यू, किंवा आडनावात शेवटचा ई राहिला असेल. लहानपणी आधार काढताना सेंटरवाल्याने ऐकून टाइप केलेलं असतं आणि तेव्हा कोणी बघत नाही. जन्मतारीख आणि लिंगपण ताडून घ्या, तिथेही अडतं. आणि कॉलेजने ॲडमिशनच्या वेळी त्यांच्या सिस्टीममध्ये काय टाइप केलंय तेपण ऑफिसमधून बघून घ्या, कारण कितीतरी वेळा चूक आधारमध्ये नसते तर तिथे असते आणि ती ऑफिसमध्येच दुरुस्त होते.

दुरुस्ती कुठे करायची यावर माझं मत ठाम आहे, मार्कशीट बरोबर असेल तर तिला हात लावू नका, आधार त्याप्रमाणे करून घ्या. बोर्डाकडून मार्कशीट बदलून आणणं लांबलचक काम आहे आणि बारावी, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), पुढची डिग्री सगळं तिच्यावरच उभं राहतं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईघाईत अर्ज टाकू नका, स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि ऑपरेटरने टाइप केलेलं स्क्रीनवर वाचल्याशिवाय हो म्हणू नका. मोबाइल नंबर आधारशी जोडलेला तुमचाच चालू नंबर आहे ना तेही बघा, ओटीपी त्यावरच येतो.

तोपर्यंत कॉलेजला लेखी कळवून ठेवा की आधार दुरुस्तीला टाकलंय, पावती जोडा. आणि एक विनंती, वैतागून दुसऱ्या मोबाइलवरून दुसरा आयडी काढायच्या फंदात पडू नका. एका विद्यार्थ्याचा एकच आयडी, बारा आकडी, आयुष्यभरासाठी. दोन झाले तर क्रेडिट एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे असं होतं.

प्रश्न: मी मालाडला एका कॉल सेंटरला नाईट शिफ्ट करतो आणि सकाळचं कॉलेज, टीवायबीकॉम. ओजेटी कम्पलसरी आहे म्हणतात. मी आधीच जॉब करतो तर तोच ओजेटी म्हणून धरतील का? अजून इंटर्नशिप करायला माझ्याकडे वेळ कुठून येणार?

उत्तर: तुझी ओढाताण कळते रे. रात्रभर हेडसेट लावून सकाळी सातच्या लेक्चरला बसणारी मुलं मी वर्गात बघितलीयत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

आधी क्रेडिट म्हणजे किती वेळ ते डोक्यात पक्कं कर. थिअरीला एका क्रेडिटला 15 तास, प्रॅक्टिकल नाहीतर इंटर्नशिपसारख्या कामाला एका क्रेडिटला 30 तास. ओजेटी 4 क्रेडिटचं म्हणजे 120 तास. तू तेवढे तास दोन-तीन आठवड्यांतच भरत असशील, पण तासांवर सगळं ठरत नाही. ओजेटी हे तुझ्या मेजरशी संबंधित काम असायला लागतं. तुझं मेजर अकाउंटन्सी असेल आणि तू कॉल सेंटरला मोबाइल कंपनीच्या तक्रारी घेत असशील तर कॉलेज नाही म्हणेल आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या प्रोसेसमध्ये बिलिंग, क्लेम, बँकेचं काम, रिकव्हरीचे हिशोब असं काही असेल तर बोलायला जागा आहे.

मग असं कर, तुझ्या टीम लीडरकडून किंवा एचआरकडून लेटरहेडवर तू नेमकं काय काम करतोस ते लिहून घे, पदाचं नाव नाही, काम. ते घेऊन ओजेटीच्या कोऑर्डिनेटर सरांना किंवा मॅडमना भेट आणि ओजेटी सुरू व्हायच्या आधी लेखी हो घे. कॉलेजकडून एक मेंटॉर लागतो, तिकडून एक सुपरवायझर लागतो, रोजची लॉगबुक लागते, शेवटी रिपोर्ट आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट. मागच्या वर्षीपासून करतोय असं सांगून जुने तास बहुतेक कोणी धरत नाही, म्हणून परवानगीची तारीख पडली की त्या दिवसापासून लॉगबुक लिहायला लाग.

नाहीच झालं तर कॉलेजला विचार की सुट्टीत करता येईल का, किंवा शनिवार रविवार एखाद्या सीएच्या ऑफिसात. मार्च संपेपर्यंत सीएंच्या ऑफिसात माणसं कमीच पडतात आणि आठवड्याला दहा-बारा तासांची मुलं त्यांना चालतात. अटेंडन्सचं मात्र सांभाळ, 75 टक्क्यांच्या खाली गेलास तर तिथे नोकरीचं पत्र उपयोगी पडेलच असं धरून चालू नकोस.

प्रश्न: मॅडम, घरात वडिलांचं आजारपण आहे, मोठा मीच. एफवाय संपलं की कॉलेज सोडून पूर्णवेळ नोकरी करायचा विचार आहे. नवीन पॅटर्नमध्ये एका वर्षानंतर सर्टिफिकेट मिळतं असं ऐकलं. ते घेऊ का? नंतर परत येता येतं का? माझा एका विषयात केटी आहे. (भांडुप)

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एवढ्याशा वयात घराचा भार उचलायला निघालायस, म्हणून तुला जे सांगते ते नीट बसून वाच.

हो, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं. दोन सेमिस्टरचे मिळून 44 क्रेडिट पूर्ण हवेत आणि त्याशिवाय वरचे 4 क्रेडिट, म्हणजे एखादा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप, तेव्हा यूजी सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनी 88 क्रेडिट आणि तेच वरचे 4, तेव्हा डिप्लोमा. तीन वर्षांचे 132 झाले की डिग्री. हे वरचे 4 क्रेडिट बरीच मुलं विसरतात आणि ते सहसा उन्हाळ्याच्या सुट्टीत करावे लागतात, म्हणून आत्तापासून ऑफिसला विचार की कॉलेजने एक्झिटसाठी कुठला कोर्स ठेवलाय.

तुझी खरी अडचण केटीची आहे. एक विषय राहिला म्हणजे 44 पूर्ण नाहीत, आणि पूर्ण नाहीत तर सर्टिफिकेट नाही. ते तेवढं आधी सोडव. नोकरी लागली तरी त्या एका पेपरला रजा टाक, फॉर्म वेळेत भर.

परत यायचं म्हणशील तर यूजीसीच्या चौकटीत बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळी डिग्री जास्तीत जास्त सात वर्षांत पूर्ण करायची असते. एबीसीत जमा क्रेडिटपण जास्तीत जास्त सात वर्षंच चालतात. तीन वर्षं कशी निघून जातात कळत नाही, पगार सुरू झाला की पुस्तक हातात घेणं किती जड जातं हे माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मला सांगितलंय.

म्हणून मला विचारशील तर कॉलेज सोडायच्या आधी दुसरी वाट तपासून बघ. कलिन्याला विद्यापीठाचं दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, ज्याला आपण सगळे अजून आयडॉलच म्हणतो, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याची अभ्यासकेंद्रं मुंबईतही आहेत. नोकरी करत तिकडून पुढे जाता येईल का, तुझ्या एफवायचे किती क्रेडिट ते धरतील, हे कॉलेज सोडायच्या आधी तिथून लेखी घे. एक नियम इथे कामाचा आहे, ज्या संस्थेची डिग्री घ्यायची तिच्याकडून निदान 50 टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तू एकच वर्ष केलंयस त्यामुळे तुला तो आड येणार नाही, पण दुसऱ्या वर्षानंतर संस्था बदलणाऱ्यांनी तीन वर्षांचे 132 आणि आधीचे 88 असा हिशोब जरूर मांडून बघावा, तिथे अडकायला होतं.

आणि स्कॉलरशिप, फी माफी, कॉलेजचा विद्यार्थी साहाय्य निधी याबद्दल विचारलंस का? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. लाजू नकोस. वडिलांच्या हॉस्पिटलचे कागद घेऊन प्राचार्यांना प्रत्यक्ष भेट.

प्रश्न: मुलुंडला सकाळचं बीकॉम चालू आहे. सोबत दुसरी डिग्री डिस्टन्सने केली तर पहिली रद्द होते का? घरचे म्हणतात बेकायदेशीर आहे.

उत्तर: नाही, आता नाही. एप्रिल 2022 पासून यूजीसीने एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिलीय. दोन्ही रेग्युलर असतील तर वर्गाच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स किंवा ऑनलाइन चालतं, दोन्ही डिस्टन्स चालतात. पीएचडीला ही सोय नाही. डिस्टन्सचा कोर्स मान्यताप्राप्त आहे का ते यूजीसीच्या यादीत बघून घे, जाहिरातीवर जाऊ नकोस. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच दिवशी आल्या तर कोणी तुझ्यासाठी तारीख बदलणार नाही, आणि एकीकडचा पेपर दुसरीकडे आपोआप धरला जात नाही.

प्रश्न: मुलगा गेली आठ वर्षं तबला शिकतोय, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्यात. कॉलेजमध्ये को-करिक्युलरचे 2 क्रेडिट असतात म्हणे. त्याच्या जुन्या सर्टिफिकेटवर ते मिळतील का? गिरगाव.

उत्तर: ताई, जुन्या सर्टिफिकेटवर थेट क्रेडिट मिळणं सध्या तरी कठीण आहे. बाहेर शिकलेल्याला क्रेडिट द्यायची कल्पना राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत 2023 पासून आहे, पण ती लावायची की नाही आणि कशी हे संस्था ठरवते. को-करिक्युलरचे क्रेडिट हे त्या सेमिस्टरला केलेल्या कामाचे असतात, एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला असे गट असतात त्यातला एक घ्यायचा. त्याला कॉलेजच्या कल्चरल किंवा परफॉर्मिंग आर्ट्सच्या गटात नाव घालू द्या. काही कॉलेजं बाहेरच्या गुरूंकडच्या रियाजाचे तास लॉगबुकवर मान्य करतात, तेवढं एकदा विचारून घ्या, त्यासाठी गुरूंचं पत्र लागेल, आठवड्याचे तास आणि काय शिकवलं जातंय ते लिहिलेलं. गट निवडायचा फॉर्म सेमिस्टरच्या सुरुवातीला थोडेच दिवस उघडा असतो आणि नंतर मुलाला जिथे जागा उरली तिथे टाकतात, म्हणून गुरूंचं पत्र आणि सर्टिफिकेटच्या झेरॉक्स आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा.